फुटक्या कुंडीतले रोप का जगले?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सहावीच्या वर्गाच्या खिडकीत आठ कुंड्या आल्या. त्यांतल्या सहा चिनी मातीच्या, पांढऱ्याशुभ्र, एका पालकांनी वर्गाला भेट दिलेल्या. उरलेल्या दोन शाळेच्या मागे पडलेल्या होत्या. एक तडा गेलेली मातीची कुंडी आणि एक गंजलेला तेलाचा डबा. आठहीमध्ये मनी प्लांटच्या एकाच वेलाचे तुकडे लावले, एकाच ढिगातली माती भरली आणि पाणी घालण्याच्या पाळ्या मुलांना वाटून दिल्या.

गणपतीच्या सुमारास पांढऱ्या कुंड्यांतली पाने पिवळी पडू लागली. पाणी कमी पडत असणार, असे मुलांनी ठरवले आणि एका पेल्याचे दोन पेले झाले. दसऱ्यापर्यंत सहापैकी पाच रोपे गेली. तडा गेलेल्या कुंडीतला आणि डब्यातला वेल मात्र गजांवर चढला होता.

जी मुलगी सर्वांत नेमाने पाणी घालत असे, ती मला म्हणाली, "बाई, माझी पाळी नको. आजी म्हणते, माझ्या हाताला गुण नाही." हे तिने इतक्या सहज सांगितले की मला पटकन उत्तर सुचेना. त्या तासाला आम्ही धडा बाजूला ठेवला आणि एक मेलेले रोप उपटले. मातीला नासलेल्या अंड्यासारखा वास येत होता. मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली होती. चिमटीत धरून ओढले की वरची साल निघून आत दोऱ्यासारखा धागा उरत होता. मग डब्यातल्या वेलाच्या मुळाशी थोडे उकरून पाहिले. ती मुळे पांढरट आणि टणक होती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "चांगल्या कुंडीतली रोपं मेली आणि फुटक्या कुंडीतलं का जगलं?"

पुढचे तीन आठवडे आमचा विज्ञानाचा तास या एका प्रश्नावर चालला. त्यातून जे हाती आले ते येथे मांडते आहे.

मुळेही श्वास घेतात

'झाडे प्राणवायू सोडतात' हे वाक्य मुलांच्या मनावर इतके ठसलेले असते की झाडांनाही प्राणवायू लागतो हे मागेच पडते. पाने उजेडात प्राणवायू तयार करतात. मुळे अंधारात असतात, त्यांना तो बाहेरूनच घ्यावा लागतो. क्षार आत ओढून घेणे, नवी मूलरोमे तयार करणे, मातीत पुढे घुसणे या सगळ्याला ऊर्जा लागते आणि ती श्वसनातून मिळते. प्राणवायू असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपी या ऊर्जावाहक पदार्थाचे सुमारे ३० रेणू मिळतात. प्राणवायू नसेल तर फक्त २. पोटभर जेवणाऱ्याला एकदम घासभर अन्नावर आणावे, तशी ही अवस्था आहे.

हा प्राणवायू मुळांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. चांगल्या मातीच्या आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग पोकळीच असतो. काही पोकळ्यांत पाणी असते, काहींत हवा. सगळ्याच पोकळ्या पाण्याने भरल्या तर काय होते ते आकड्यांत पाहा. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. शिवाय प्राणवायू हवेतून जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. आधीच साठा थोडा आणि नवा पुरवठा अतिशय मंद. त्यातही मातीतले जीवाणू वाटेकरी असतात. प्राणवायू संपला की त्याच्याशिवाय जगणारे जीवाणू जोर धरतात. नासका वास त्यांचाच. अशा दुबळ्या झालेल्या मुळांवर पिथियमसारखे पाण्यात वाढणारे, बुरशीसदृश जीव हल्ला करतात आणि मूळकूज सुरू होते.

यात मुलांना चकवणारी एक गोष्ट आहे. पाणी जास्त झालेले रोप तहानलेल्या रोपासारखेच माना टाकते. पेशीच्या पटलात पाण्याची ये-जा होण्यासाठी प्रथिनांचे अतिसूक्ष्म मार्ग असतात. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्री यांना २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. प्राणवायू तुटला की मुळांच्या पेशींतला द्रव आम्लधर्मी होत जातो आणि हे मार्ग मिटतात. रोप पाण्यात उभे असते आणि तहानेने सुकते. आपण ते पाहून आणखी पाणी घालतो. आमच्या वर्गात नेमके हेच घडले होते.

स्पंज उभा करून पाहा

मग कुंडीला भोक पाडले की झाले का? बऱ्याच अंशी हो, पण पूर्णपणे नाही. हे समजण्यासाठी भांडी घासायचा आयताकृती स्पंज आणि पाण्याची बादली पुरे.

स्पंज पाण्यात दाबून पूर्ण भिजवा. तो आडवा, सपाट धरून बोटांच्या टोकांवर उचला. पाणी गळेल आणि हळूहळू थांबेल. आता न पिळता तो लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. तेही थांबले की आखूड कडेवर, म्हणजे सर्वांत उंच उभा करा. आणखी पाणी पडेल. मुलांना विचारा: स्पंज तोच, त्याची छिद्रे तीच, खालून अडवणारे काहीच नाही. मग हे पाणी आधी का पडले नाही?

उत्तर केशाकर्षणात आहे. बारीक छिद्रे पाण्याला धरून ठेवतात. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, ०.१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. जितके छिद्र बारीक तितकी पकड घट्ट. म्हणूनच निचरा थांबल्यावरही स्पंजाच्या तळाशी काही उंचीपर्यंत छिद्रे भरलेलीच राहतात. या ओल्या थराची उंची छिद्रांच्या आकारावर ठरते, स्पंजाच्या उंचीवर नाही. स्पंज उभा केला की तेवढ्याच उंचीचा थर कमी रुंदीवर उभा राहतो. त्यात पाणी कमी मावते आणि उरलेले गळून पडते.

कुंडीतली माती म्हणजे असाच स्पंज. समजा, आपल्या मातीत तळाचा ५ सेंटिमीटर थर निचऱ्यानंतरही भरलेला राहतो. ८ सेंटिमीटर खोल पसरट कुंडीत मुळांना हवेशीर जागा उरते ३ सेंटिमीटर. २० सेंटिमीटर खोल कुंडीत उरते १५. माती तीच, पाणी घालणारा हात तोच, केवळ कुंडीची उंची वेगळी. म्हणून पसरट, उथळ कुंडीत माती भरड हवी. बोन्सायवाले उथळ तबकात खडीसारखे भरड मिश्रण वापरतात, त्यामागे हेच कारण आहे. नुसती काळी माती उथळ कुंडीत घालणे म्हणजे मुळांना चिखलात बसवणे. तिच्यात वाळू, विटांचा चुरा, नारळाचा भुसा, पालापाचोळ्याचे खत असे काही मिसळून मोठ्या पोकळ्या तयार कराव्या लागतात.

तळाशी खडे घालावेत का?

कुंडी भरताना तळाशी खापऱ्या किंवा खडे घालायचे, म्हणजे निचरा चांगला होतो, असे आपण सगळेच ऐकत आलो. मीही वर्षानुवर्षे घालत होते. नंतर पुस्तकांत याच्या उलट वाचले. बारीक पोकळ्यांनी धरलेले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भरल्यावरच ते खड्यांत पडते. म्हणजे ओला थर नाहीसा होत नाही, तो खड्यांच्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि खड्यांनी अडवलेली जागा मात्र मुळांच्या वाट्यातून जाते. हे मला पटले आणि मुलांना मी ते ठामपणे सांगितले.

त्यानंतर 'प्लॉस वन' या नियतकालिकात २०२५ साली आलेल्या एका प्रयोगाची माहिती मिळाली. कुंडीच्या तळाशी वेगवेगळ्या पदार्थांचे थर घालून वरच्या मिश्रणात किती पाणी उरते ते त्यात मोजले होते. बहुतेक थरांमुळे उरणारे पाणी वाढले नाही, उलट कमी झाले. तेव्हा वर्गात जाऊन 'मी फार घाईने सांगितले' असे कबूल करावे लागले. मुलांना ही कबुली फार आवडली. मग आम्ही स्वतःच मोजायचे ठरवले.

करून पाहा: एकाच मापाच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्यांचे गळे कापा. दाभण तापवून दोघींच्या तळाला सारखीच भोके पाडा (हे काम शिक्षकांनी करावे). पहिलीत काठोकाठ चाळलेली वाळू भरा. दुसरीत ४ सेंटिमीटर खडे आणि त्यांवर तीच वाळू. दोन्ही बाटल्या पाण्याच्या बादलीत काठापर्यंत बुडवून ठेवा, बुडबुडे येणे थांबले की उचला आणि विटांच्या दोन तुकड्यांवर तासभर निथळू द्या. आता प्रत्येक बाटलीतील वाळूच्या वरच्या आणि खालच्या ३ सेंटिमीटर थरातून १०० ग्रॅम वाळू घ्या. ती कागदावर पसरून उन्हात पूर्ण वाळवा आणि पुन्हा तोला. वजनातली घट म्हणजे त्या थरातले पाणी. वाळूनंतर हाच प्रयोग तुमच्या कुंडीतल्या मातीवर करा. आकडे येथे देत नाही. मातीप्रमाणे ते बदलतील आणि तेच मुलांनी पाहायला हवे.

निकाल काहीही येवो, एका बाबतीत वाद नाही. खडे भोकाची जागा घेऊ शकत नाहीत. बिनभोकाच्या कुंडीत खडे घातले तर पाणी त्यांच्यामध्ये साचते आणि वरून दिसत नाही. आमच्या पांढऱ्या कुंड्यांत आम्ही निचऱ्यासाठी म्हणून खडे घातले होते. प्रत्यक्षात आम्ही तळाशी डबके लपवले होते.

माठ आणि प्लास्टिक

भाजलेल्या मातीची, झिलई न केलेली कुंडी म्हणजे माठाची बहीण. माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि आतले पाणी गार होते. कुंडीच्या भिंतीतूनही पाणी असेच बाहेर पडते आणि मातीत त्याची जागा हवा घेते. तिच्यातली माती कडेने लवकर सुकते. बाहेरच्या अंगाला काही महिन्यांत पांढरे क्षार दिसू लागतात. ती पाझरत असल्याची ही खूण. नवी कुंडी वापरण्यापूर्वी काही तास पाण्यात बुडवून ठेवावी. नाहीतर पहिले पाणी कुंडीच पिऊन टाकते.

आपल्या शाळांमध्ये मातीच्या कुंड्या लाल-पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवण्याची हौस असते. हा रंग भिंतीची छिद्रे बुजवतो आणि माठाची बहीण प्लास्टिकची होते. रंग द्यायचाच तर गेरू बरा.

प्लास्टिकची कुंडी वाईट असते असे मात्र नाही. तिच्या भिंतीतून काही पाझरत नाही, त्यामुळे पाणी जास्त काळ टिकते. विसराळू माणसाला किंवा कोरड्या उन्हाळ्यात तिचा उपयोगच होतो. उन्हात येणाऱ्या खिडकीत काळे प्लास्टिक खूप तापते एवढे लक्षात ठेवावे. चिनी मातीच्या कुंडीची भिंतही पाझरत नाही आणि शोभेच्या कुंड्यांना अनेकदा भोकही नसते. तिचा सोपा उपाय म्हणजे रोप भोके असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत लावावे आणि ती कुंडी शोभेच्या कुंडीत नुसती ठेवावी. पाणी घालताना बाहेर काढावी, निथळल्यावर परत ठेवावी.

म्हणजे 'कोणती कुंडी चांगली?' या प्रश्नाबरोबर 'पाणी घालणारे कोण?' हा प्रश्नही येतो. ज्या वर्गात चाळीस प्रेमळ हात रोज पाणी घालायला टपलेले असतात, त्या वर्गाला मातीची कुंडी बरी.

आता फुटक्या कुंडीचे कोडे सुटते. तडा म्हणजे हवेची आणि पाण्याची वाट, शिवाय भिंत पाझरणारी. डब्याचा तळ गंजून चाळणीसारखा झाला होता. ज्याला आम्ही दोष समजत होतो, त्यानेच ही दोन रोपे वाचवली होती.

मुळांची चुंबळ

कुंडीच्या भिंतीचा आणखी एक परिणाम होतो, पण तो दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात. वाढणारे मुळाचे टोक गुळगुळीत भिंतीला लागले की वळते आणि भिंतीच्या कडेने गोल गोल फिरत राहते. रोप कुंडीतून काढले की डोक्यावर हंडा ठेवण्यासाठी करतात तशी मुळांची चुंबळच हाती येते. घरातल्या वेलाला ती काही काळ चालते. पण असे रोप पुढे जमिनीत लावले तर मुळे त्याच वळणात जाड होतात, एकमेकांना आवळतात आणि झाड जमिनीला नीट धरत नाही.

रोपवाटिकांनी यावर उपाय शोधला तो रूट ट्रेनरचा. या निमुळत्या प्लास्टिकच्या कप्प्यांना आतून उभ्या कडा असतात. त्या मुळाला गोल फिरू न देता खाली वळवतात. तळ उघडा असतो आणि कप्पे जमिनीपासून उंच, मांडणीवर ठेवतात. मूळ खाली पोचले की त्याचे टोक हवेत येऊन सुकते. शेंडा खुडल्यावर झाडाला फांद्या फुटाव्यात, तसे मागच्या भागातून मुळाला नवे फाटे फुटतात. एका लांब दोरीऐवजी बारीक मुळांचा भरगच्च झुबका तयार होतो. पाणी आणि क्षार शोषायला तोच उपयोगी.

वर्गात हे तत्त्व फुकटात वापरता येते. गोणपाटाची पिशवी शिवा, किंवा प्लास्टिकच्या डब्याला तळाबरोबर बाजूनेही भोके पाडा, आणि तो विटांच्या तुकड्यांवर ठेवा. नुसत्या तळाला पाडलेली भोके जमिनीला टेकून बंद होतात, म्हणून भिंतीच्या खालच्या कडेलाही चार भोके हवीत.

केवढी कुंडी?

जर्मनीतील युलिशच्या संशोधन केंद्रातील हेन्ड्रिक पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ६५ अभ्यासांचे निकाल एकत्र तपासले. कुंडीचे आकारमान दुप्पट केले की रोपाचे वस्तुमान सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना दिसले. रुग्णालयात वापरतात त्या एमआरआय तंत्राने त्यांनी कुंडीतली मुळे न उपटता पाहिली. रोप लहान असतानाच मुळे भिंतीपर्यंत पोचलेली होती आणि पुढे बहुतेक मुळे कुंडीच्या बाहेरच्या भागातच दाटली होती.

मग सरळ मोठीच कुंडी का घेऊ नये? कारण चिमुकले रोप मोठ्या कुंडीतले पाणी संपवू शकत नाही. जिथे मुळे नाहीत ती माती दिवसेंदिवस ओली राहते आणि घरात ऊन-वारा कमी असल्याने सुकतही नाही. म्हणून पायरीपायरीने जावे. मुळे भोकातून डोकावू लागली की आधीच्या कुंडीपेक्षा ३ ते ५ सेंटिमीटर जास्त व्यासाची कुंडी घ्यावी. तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळती कुंडी असेल तर रोप अलगद निघते. मडक्यासारखे पोट आणि अरुंद तोंड असेल तर ते काढताना मुळे तरी तुटतात किंवा कुंडी तरी.

बाटलीतला मनी प्लांट

एवढे सगळे झाल्यावर एका मुलाने हात वर केला. "आमच्याकडे मनी प्लांट पाण्याच्या बाटलीतच आहे. तो का मरत नाही?" असा प्रश्न आला की तास सार्थकी लागला असे समजावे.

बाटलीत माती नाही, त्यामुळे प्राणवायू संपवणारे मातीतले असंख्य जीवाणूही नाहीत. आपण अधूनमधून पाणी बदलतो, तेव्हा नवा प्राणवायू विरघळून येतो. वरची मुळे पृष्ठभागाजवळ असतात. शिवाय पाण्यातच फुटलेली मुळे तिथल्या परिस्थितीला अनुरूप घडलेली असतात. भाताचे उदाहरण तर याहून बोलके. भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात आणि पानांकडची हवा त्यांतून चिखलातल्या टोकापर्यंत पोचते. दुसऱ्या टोकाला आपल्या सह्याद्रीतल्या आमरी. झाडांच्या फांद्यांवर त्यांची मुळे उघड्या हवेत लोंबतात आणि पावसाचे पाणी स्पंजासारख्या आवरणात टिपून घेतात. आमरी मातीने भरलेल्या कुंडीत लावली तर गुदमरते. तिला जाळीची टोपली आणि कोळशाचे किंवा झाडाच्या सालीचे तुकडे लागतात. प्रत्येक वनस्पतीने हवेचा प्रश्न आपापल्या परीने सोडवलेला असतो. कुंडी निवडताना ती सोय मोडणार नाही एवढे पाहायचे.

शेवटी मुलांनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. पाणी बाहेर कुठून जाईल? हवा आत कुठून येईल? कुंडी रोपाच्या मानाने केवढी आहे? पाणी कोण घालणार? कुंडीच्या रंगाचा आणि नक्षीचा प्रश्न त्यांनी आपणहून पाचवा ठेवला.

नव्या वेलासाठी कुंड्या निवडायची वेळ आली तेव्हा 'हाताला गुण नाही' म्हणणारी मुलगी मागे उभी होती. मैत्रिणींनी तिला पुढे ढकलले. तिने ढिगातली एक मातीची कुंडी उचलली, उलटी केली आणि डोळ्याजवळ धरून भोकातून खिडकीकडे पाहिले. उजेड दिसला. मग तिने माती मागितली.